एमजीएच्या इंजिनचा पंचनामा

(ठाणे येथे जुन्या गाड्यांच्या अभ्यासकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, या टेबलावर मांडलेले सुटे भाग एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनचे आहेत. ऍबिंग्डनच्या कारखान्यातून १९५५ साली ही गाडी बाहेर पडली, तेव्हा तिला बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन होते, आणि याच घराण्यातले, याच क्षमतेचे इंजिन आपण पुढे कित्येक वर्षे ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली पाहिले. त्यामुळे ज्या मिस्त्रींनी उमेदीची वर्षे ॲम्बॅसॅडरची इंजिने बांधण्यात घालवली, त्यांना यातले बहुतेक भाग नुसत्या स्पर्शानेही ओळखता येतील. ही ओळख फार मोलाची आहे. पण तिच्यामुळेच घाईही होते. इंजिन भराभर खोलले जाते, सगळे भाग डिझेलच्या घमेल्यात पडतात, स्वच्छ होऊन बाहेर येतात, आणि ते कशामुळे बंद पडले हे सांगणारा पुरावा घमेल्याच्या तळाशी राहतो. धुण्याआधी पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे, एवढाच आग्रह मी आज धरणार आहे.

हे इंजिन कोलशेतच्या एका शेडमध्ये बरीच वर्षे गाडीसकट उभे होते. मालकांनी ते माझ्याकडे सोपवले तेव्हा ते पूर्ण जाम होते. जाम इंजिनला स्टार्टर लावू नये किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकू नये, कारण बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेली पिस्टनची रिंग तशी सुटत नाही, तुटते. मी चारही प्लग काढून क्रमाने ठेवले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले, आणि आठवडाभर हात लावला नाही. त्यानंतर हँडल लावण्याच्या जागेवर पाना बसवून क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) हलका मागेपुढे केला, तेव्हा तो पाव फेरा फिरला.

ऑइल काढतानाही घाई करू नये. संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) पाणी शिरले असेल तर ते ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि बोल्ट सुटताच आधी तेच बाहेर येते. इथे जेमतेम अर्धी वाटी पाणी आले. मग ऑइल पांढऱ्या कापडातून गाळले. कापडावर उरलेल्या कणांवरून चुंबक फिरवला, तरी तांबूस कण जागचे हलले नाहीत. बेअरिंगचा निकाल मला तिथेच अर्धा कळला होता.

हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवताना ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, या इंजिनात रॉकर शाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याचे, आधार धरणाऱ्या नटांपैकी काही नट हे हेडचेच नट आहेत. म्हणून रॉकर काढायचा असला तरी आधी पाणी रिकामे करावे आणि हेडचे सगळे नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत. फक्त रॉकरकडचे सोडले तर ताण एका बाजूला राहून हेड वाकण्याची भीती असते. पानेही इंचीच हवेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर; १४ चा पाना बसत नाही, १५ चा बसतो पण नटाचे कोपरे गोल करून टाकतो. आधीच्या कोणीतरी या इंजिनावर नेमके तेच केले होते, आणि त्यातले तीन नट काढायला मला एक अख्खी दुपार लागली.

पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे दांडे) मी पुठ्ठ्याला आठ भोके पाडून क्रमांकाने खोचले आणि त्यांच्याखालचे, कॅमवर टेकणारे टॅपेटही त्याच क्रमाने ठेवले, कारण प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमशी घासून जुळलेला असतो. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचेही तसेच. या रॉडचा मोठा डोळा तिरका कापलेला असतो आणि टोपी दुसऱ्या रॉडला चालत नाही.

हेड उचलल्यावर खरी गोष्ट दिसली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये, रिंगा जिथे थांबल्या होत्या त्या उंचीवर, गंजाचा गोल पट्टा होता. इंजिन बंद पडले तेव्हा त्या सिलिंडरची व्हॉल्व्ह उघडी राहिली असणार, आणि खाडीकडच्या हवेतला ओलावा एकामागून एका पावसाळ्यात त्याच वाटेने आत उतरत गेला. उरलेल्या तिन्ही बोअरमध्ये गंज नव्हता. मी आधी सगळे धुतले असते तर मला फक्त एक खराब बोअर दिसली असती, तिचे कारण दिसले नसते. व्हॉल्व्हच्या बैठकी ओतीव लोखंडातच कापलेल्या आहेत. शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे त्यांना झिजेपासून वाचवत असे, आणि ते पेट्रोल आपल्या देशात २००० सालापासून बंद आहे. म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला कठीण बैठकी बसवून घ्याव्यात, असे माझे मत आहे.

त्यानंतर मोजमाप. मूळ बोअर २.८७५ इंच. मी ती वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडवी अशी दोनदा मोजली. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या वळणाखाली, आडव्या दिशेला होती: २.८८२, म्हणजे सात थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या मोठ्या डोळ्याच्या, शेलवरचा (बेअरिंगच्या पत्र्यावरचा) राखाडी थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडला होता. ऑइलमधले कण याचेच होते. दुसरे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन थाऊंनी लंबगोल भरले. क्रँकला तडा आहे का, हे ठोकून येणाऱ्या आवाजावर ठरवू नये. ती तपासणी चुंबकीय पद्धतीनेच करून घ्यावी. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात रबरी सील नसते, ऑइल परत आत लोटणारे आटे असतात. तिथला थोडासा ओलावा म्हणजे दोष, असे समजून शहाण्यासुरत्या माणसांनी चांगली इंजिने उगाच खोललेली मी पाहिली आहेत.

आता निर्णयाकडे येतो. सात थाऊंच्या झिजेला +१० चा, म्हणजे मूळ मापापेक्षा दहा थाऊ मोठा, पिस्टन पुरत नाही, कारण तिसऱ्या बोअरमधले गंजाचे खड्डे तेवढ्याने निघणार नाहीत. +२० ला चारही बोअर साफ होतील असे मापे सांगतात, आणि तसे झाले तर मूळ ब्लॉकला स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नळी) घालण्याची गरज पडणार नाही. क्रँकचे चारही बिग एंड दहा थाऊंनी घासून घ्यावे लागतील. कॅमशाफ्ट, रॉड आणि टॅपेट मूळचेच राहतील. आठांपैकी एकाही टॅपेटच्या तोंडावर खड्डा नाही. ॲम्बॅसॅडरचे तयार सामान काही ठिकाणी चालेल, पण घराणे एक आहे म्हणून माप एक आहे असे गृहीत न धरता, प्रत्येक भाग मायक्रोमीटरखाली घेऊनच.

ब्लॉक वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपमध्ये जायचा आहे. तो मी अजून पाठवलेला नाही, कारण पिस्टन आलेले नाहीत. पिस्टनवर लिहिलेले माप आणि प्रत्यक्ष पिस्टन यांत किंचित फरक निघू शकतो. म्हणून चारही पिस्टन हातात घेऊन, मोजून, त्यांच्यावर क्रमांक टाकून, मगच प्रत्येक बोअर तिच्या पिस्टनप्रमाणे कापायची. मापांचा हा कागद ब्लॉकला बांधूनच मी तो पाठवणार आहे.