कार्यक्रमाचा वर्ग कोणता?

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात आता देवळातल्या उत्सवी नाटकापासून कला अकादमीतल्या मैफलीपर्यंत अनेक कार्यक्रमांची माहिती हस्तपत्रकांबरोबरच इंटरनेटवरच्या कार्यक्रमसूचीतही दिली जाते. तिथे नाव, तारीख, वेळ आणि स्थळ भरून झाले की ‘वर्ग निवडा’ असा रकाना समोर येतो. यादी अकारविल्हे असली आणि कार्यकर्ता घाईत असला, तर वरचेच नाव दाबले जाते आणि नाट्यप्रयोग ‘आरोग्य’ या वर्गात जाऊन बसतो.

वर्ग ठरवताना शोधणाऱ्याच्या बाजूने पाहावे, असे माझे मत आहे. शनिवारी रात्री नाटक पाहायला जावे, या विचाराने वाळपईतला एखादा गृहस्थ मोबाइलवर ‘नाटक’ या वर्गावर बोट ठेवतो. त्या वर्गात जे नाही ते त्याच्या लेखी गोव्यात कुठेही नाही. संस्थेचा हेतू धार्मिक आहे की सांस्कृतिक, हे ठरवत तो बसत नाही.

एखाद्या देवस्थानाचा वर्धापनदिन घ्या. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी भजन आणि रात्री गावच्या कलाकारांचे मराठी नाटक, असा दिवसभराचा भरगच्च कार्यक्रम असतो. समिती त्याची एकच नोंद करते, वेळ सकाळची देते आणि वर्ग ‘धार्मिक’ निवडते. हे चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु महिनाभर तालमी केलेले नाटक त्या नोंदीच्या शेवटच्या ओळीत दडून राहते. अशा वेळी दोन नोंदी कराव्यात. पहिली संपूर्ण उत्सवाची, ‘धार्मिक’ या वर्गात. दुसरी फक्त नाटकाची, ‘नाटक’ या वर्गात, रात्रीच्या वेळेसह. दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख असला म्हणजे झाले. मात्र हा न्याय ताणून महाप्रसादाची नोंद ‘खाद्यमहोत्सव’ या वर्गात करू नये. रांग वाढेल, पण भलत्याच अपेक्षेने आलेल्यांची.

तियात्राच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या या कोकणी नाट्यप्रकारात पडद्यांच्या मधल्या वेळात कांतारां गायली जातात आणि पुष्कळ प्रेक्षक त्यांच्यासाठीच तिकीट काढतात. बाहेर तयार झालेल्या संकेतस्थळांच्या याद्यांत तियात्र हा वर्ग बहुधा नसतोच. म्हणून काही आयोजक ‘संगीत’ निवडतात, काही ‘इतर’. ‘इतर’ या वर्गात सहसा कोणी डोकावत नाही, तेव्हा तो पर्याय टाळलेलाच बरा. मुख्य वर्ग ‘नाटक’ ठेवावा आणि खूणशब्दांच्या रकान्यात ‘तियात्र’ व ‘कोकणी’ हे शब्द द्यावेत. सूची गोव्यातच तयार होत असेल, तर तियात्राला स्वतंत्र वर्ग हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरापुढे आषाढात होणारा चिखलकाला तर कोणत्याच एका रकान्यात नीट मावत नाही. त्यात भक्ती आहे, चिखलातले खेळ आहेत आणि ते पाहायला बाहेरगावची माणसेही येतात. मी त्याला ‘उत्सव’ म्हणेन. ‘क्रीडा’ या वर्गात फुटबॉलचे सामने शोधणाऱ्याची तो निराशा करील, आणि केवळ ‘धार्मिक’ म्हटले तर बाहेरच्या माणसाला आपण तिथे यावे की नाही, असा संकोच वाटेल.

बराच गोंधळ होतो तो वर्ग नसलेल्या गोष्टी वर्गांच्या यादीत घुसवल्यामुळे. ‘संगीत’, ‘मोफत’, ‘मडगाव’, ‘मुलांसाठी’, ‘या आठवड्यात’ अशी नावे एकाच यादीत दिसतात. यांतले संगीत हे कार्यक्रमाचे स्वरूप आहे. बाकीची अनुक्रमे किंमत, स्थळ, प्रेक्षक आणि काळ आहेत. मडगावच्या रवींद्र भवनात मुलांसाठी मोफत गायन असेल, तर आयोजकाने कोणते नाव निवडायचे? ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही ग्रंथांच्या वर्गवारीची पद्धत प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत पुढे विषयाची पाच मूलभूत अंगे मानली गेली, आणि त्यांत स्थळ व काळ ही स्वतंत्र अंगे आहेत. कार्यक्रमसूचीतही प्रत्येक अंगाला वेगळा रकाना दिला, तर वाचक ‘संगीत’, ‘मडगाव’ आणि ‘मोफत’ ही तिन्ही बंधने एकदम घालून शोधू शकतो, आणि वर्गांची यादीही मोबाइलच्या एका पडद्यात मावेल इतकी आटोपशीर राहते.

सूची चालवणाऱ्यांनी सुरुवातीलाच ‘शास्त्रीय गायन’, ‘नाट्यसंगीत’, ‘भजन’, ‘फादो’ असे बारीक उपवर्ग पाडू नयेत. रिकामा वर्ग उघडून पाहिलेला माणूस सहसा परत येत नाही. एखाद्या प्रकारच्या नोंदी नियमाने येऊ लागल्या, की त्याला वेगळे करावे.

पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक प्रश्न हमखास येतो. उघड्यावरचा कार्यक्रम रद्द झाला, की काही जण त्याची नोंद ‘रद्द’ नावाच्या वर्गात हलवतात. दिनदर्शिकेतील नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी आयकॅलेंडर नावाचे जे मानक वापरले जाते, त्यात वर्ग आणि स्थिती यांना निराळ्या जागा आहेत, आणि ‘रद्द’ ही स्थिती आहे. म्हणून नोंद तिच्या मूळ वर्गातच ठेवून तिच्यावर ‘रद्द’ असे ठळक लिहावे. घरून निघण्यापूर्वी प्रेक्षक ती तिथेच शोधणार आहे.

नमस्कार.