दुसऱ्याचा मल, औषध म्हणून

नमस्कार, श्रोतेहो. जेवायला बसला असाल, तर पान संपेपर्यंत रेडिओ बारीक करा. आज बोलायचंय ते विष्ठेबद्दल, तीही परक्या माणसाच्या.

अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही मारतं. रान मोकळं झालं की तण माजतं. इथलं तण म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू. जुलाब थांबत नाहीत, माणूस गळून जातो. उपाय काय, तर पुन्हा अँटिबायोटिक! पण या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली त्याची निद्रिस्त रूपं, औषधाला दाद देत नाहीत. गोळ्या संपल्या की काहींच्या पोटात ते परत रुजतात आणि पुन्हा तेच चक्र.

2013 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी दात्याचा ताजा मल सलाइनमध्ये कालवायचा, गाळायचा आणि नाकातून घातलेल्या नळीवाटे थेट लहान आतड्यात सोडायचा. 16 पैकी 13 जण एकाच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्या 13 जणांत बरे झाले चौघेच. फरक इतका ढळढळीत, की चाचणी मध्येच थांबवली.

कल्पना मात्र जुनी. चौथ्या शतकातला चिनी वैद्य गे होंग अतिसारावर विष्ठेचाच काढा सांगून गेला. 1958 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरचे सर्जन बेन आयझमन यांनी चार अत्यवस्थ रुग्णांना मलाचा एनिमा दिला.

हे साधतं कसं? एक कारण पित्तात आहे. नव्याने आलेले जिवाणू पित्ताम्लांचं रूप बदलतात आणि त्या बदललेल्या पित्ताम्लांत डिफिसिलला वाढणं जड जातं. आलेली मंडळी जागा नि अन्नही अडवतात, ते वेगळंच.

आता किळस टाळायची सोयही झालीय. 2023 साली अमेरिकेत मलातल्या निरुपद्रवी जिवाणूंच्या बीजाणूंच्या कॅप्सूलला परवानगी मिळाली. पण लठ्ठपणापासून नैराश्यापर्यंत सगळ्यावर हाच इलाज सुचवणाऱ्यांचं मला पटत नाही. तेवढा पुरावा अजून नाही. आणि घरी मिक्सर लावून तर मुळीच नको. हसू नका, करणारे आहेत! 2019 मध्ये दात्याच्या मलातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जिवाणू गेला आणि एक रुग्ण दगावला. त्या मलाची त्या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती.

म्हणून दात्याचं रक्त तपासतात, मल तपासतात, प्रवास कुठे केला, औषधं कोणती घेतली, सगळं विचारतात. उत्साहाने आलेल्यांपैकी बहुतेक जण परत पाठवले जातात.