थांबल्यानंतरचे पहिले मिनिट

श्रोतेहो, नमस्कार.

अंबाझरी तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्या नागपूरकरांच्या मनगटावरच्या घड्याळात हल्ली वेळेपेक्षा नाडीचा आकडा अधिक पाहिला जातो. आज दीडशेपर्यंत नेली, असे एकजण अभिमानाने सांगतो आणि तोच आकडा पाहून दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. नाडी किती वर गेली याची अशी चर्चा होते. पण माझ्या मते अधिक बोलका असतो तो थांबल्यानंतरचा उतार, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

आपण विसाव्यात असतो तेव्हा व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम ओढून धरते. चालू लागताच हा लगाम सैल होतो, वेग वाढला की हृदयाला पिटाळणाऱ्या नसा जोर धरतात आणि नाडी चढते. पाय थांबताच, पहिल्या मिनिटातच, व्हेगसने लगाम पुन्हा हाती घ्यावा लागतो. तो घेतला जात नसेल, तर शरीराची ही सूक्ष्म यंत्रणा कुठेतरी थकली आहे, असे समजायला जागा असते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 1999 साली 2,428 जणांच्या, फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतलेल्या ताण-चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्ट्यावरचे जोराचे चालणे संपून संथ चालणे सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, त्यांच्यापैकी 19 टक्के लोक पुढील सुमारे 6 वर्षांत दगावले. इतरांमध्ये हे प्रमाण 5 टक्के होते. वय आणि इतर आजारांचा हिशेब वजा केल्यावरही धोका दुप्पट राहिला. पॅरिसमधील 5,713 निरोगी नोकरदार पुरुषांवर सुमारे 23 वर्षे लक्ष ठेवणाऱ्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: व्यायामात ज्यांची नाडी 89 ठोक्यांपेक्षा कमी वाढली, त्यांच्यात हृदयविकाराने अचानक मृत्यू होण्याचा धोका बराच जास्त होता. म्हणजे नाडी चढतच नाही, ही फुशारकीची गोष्ट असेलच असे नाही.

ताण-चाचणीत, म्हणजे आपण ज्याला टीएमटी म्हणतो त्यात, छातीला तारा चिकटवून पट्ट्यावर चालवतात. रूढ पद्धतीत पहिल्या टप्प्याला वेग ताशी 2.7 किलोमीटर आणि चढ 10 टक्के असतो, आणि पुढे दर 3 मिनिटांनी दोन्ही वाढतात. अहवाल हाती येताच घरची मंडळी ‘ब्लॉकेज तर नाही ना?’ एवढेच विचारतात. पट्टा थांबल्यानंतर नाडी कशी उतरली, हेही त्याच कागदावर लिहिलेले असते. ते डॉक्टरांना जरूर विचारावे.

वयावरून कमाल नाडी काढण्याचे 220 वजा वय हे सूत्र ढोबळ आहे. पन्नाशीच्या माणसासाठी ते 170 सांगते, परंतु प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी तर औषधामुळेच दबलेली असते, त्यांनी या सूत्राच्या नादी लागू नये आणि चाचणीआधी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाने चालूनही नाडी जास्त पडते. तेव्हा जानेवारीतल्या आकड्याशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

घरी पडताळायचे असेल, तर झपाट्याचे चालणे थांबवताच अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून 15 सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. थांबल्यापासून एक मिनिट झाले की पुन्हा तसेच करावे. आधी 36 आणि मग 30 भरले, तर नाडी 144 वरून 120 वर आली, म्हणजे 24 ने उतरली. मोजण्यात एका ठोक्याची चूक झाली तरी उत्तरात चारचा फरक पडतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. बाकावर बसून मोजल्यास नाडी अधिक झपाट्याने उतरते, त्यामुळे संथ चालताना ठरवलेला 12 चा निकष तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. उतार वारंवार कमीच दिसत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. चालताना छातीत दाब आला, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र नाडी मोजत न बसता तिथेच थांबावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.