रिकामं सूप

(दृश्य: सोलापूरचं एसटी स्टँड, सकाळ. खांबावर चिकटवलेला एक कागद, कोपरे उन्हानं वळलेले.)

निवेदन :

'बेपत्ता.' खाली फोटो. लग्नाच्या अल्बममधून कापलेला, म्हणून खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलाय. फोटोखाली ठरलेली मराठी : वय ७०, रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची पाच फूट, नेसणीस हिरवी साडी.

एवढं वर्णन घेऊन नव्या पेठेत उभे राहा. तासाभरात वीस आज्ज्या सापडतील.

या कागदावरच्या आजी आम्ही रचलेल्या आहेत. त्या कुणाच्याच नाहीत. पण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत चौकशी केलीत, तर असं एखादं घर लांब नसेल. चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता लेकाचं नावही आठवत नाही, पण दुपार झाली की त्या उठतात, सूप काखेत मारतात आणि निघतात. विड्या द्यायच्यात ना कारखान्यात! सूप रिकामं असतं. स्मृती गेलेली माणसं बरेचदा अशीच निघतात, आठवणीत शिल्लक असलेल्या एखाद्या कामाला नाहीतर जुन्या घराला.

आता कागद पुन्हा बघा. सूप कुठंच नाही. घाबरल्या की मराठी विसरून फक्त तेलुगू बोलतात, हेही नाही. ओळख पटावी अशा नेमक्या याच दोन गोष्टी होत्या. घरच्यांना त्या इतक्या रोजच्या, की सांगाव्याशा वाटल्याच नाहीत.

(दृश्य: पोलीस ठाण्यातलं टेबल, लिहिणारा हात.)

'चोवीस तास थांबा, मग या' हा नियम कायद्यात नाही. तरी लोक घरीच थांबतात. कित्येकदा कारण वेगळंच असतं : चारचौघांत बोभाटा नको. मुलगी गेली असेल तर रात्र नातेवाइकांना फोन करण्यात जाते आणि ठाण्याची पायरी दुसऱ्या दिवशी. अठराच्या आतलं मूल हरवलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं अपहरण गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा असतो. मोठ्या माणसाची 'मिसिंग' दाखल होते, इतर ठाण्यांना बिनतारी संदेश जातो, फोटो फिरतो.

आणि मग सगळे एका वाक्याची वाट बघत बसतात. कुणीतरी पाहिलंय का?

सोलापुरात या वाक्याला भारी किंमत आहे, कारण इथून वाटा फार फुटतात. रेल्वेनं वर गेलं की कुर्डुवाडी. तिथून पंढरपूर-मिरज किंवा लातूर, नाहीतर सरळ पुणे. खाली गेलं की होटगी. तिथं एक रूळ वाडी जंक्शनकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. एसटीनं तुळजापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा. दोन तासांत माणूस दुसऱ्या राज्यात आणि दुसऱ्या भाषेत.

(दृश्य: चहाची टपरी, उकळतं पातेलं.)

"चारच्या सुमाराला बगा. एक आज्जी सूप घेऊन अक्कलकोटच्या गाडीकडं चालली होती. 'कुठं निघाला?' म्हणलं, तर 'इंटिकि पोतानु' म्हणली."

घरी जाते, म्हणाली. टपरीवाल्याला वाटलं, असेल कुणी सोबत.

या एका खबरेत वेळ आहे, जागा आहे, दिशा आहे. अख्ख्या दिवसाचं सीसीटीव्ही चाळायचं होतं, ते आता पाऊण तासाचं उरलं. दुकानातल्या रेकॉर्डरवर जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून हीच खबर पंधरवड्यानं आली असती तर निम्मी वाया. चारनंतर सुटलेल्या गाड्यांचे कंडक्टर मोजकेच. त्यांतला एक म्हणतो, "ती सूपवाली? पैसेच नव्हते तिच्याकडं, एका बाईनं हाफ तिकीट काढून दिलं." रात्री आजी अक्कलकोटला, अन्नछत्राच्या रांगेत. सूप मांडीवर.

बातमीत येईल, 'पोलिसांनी शोध लावला.' खरंही आहे ते. टपरीवाला मात्र बातमीत नसतो.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, वर सरकणारे मेसेज.)

खबर वाईटही असते. 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी गाडीभाडं पाठवा,' असे फोन येतात. म्हणून पोस्टवर घरच्या नंबरापेक्षा ठाण्याचा नंबर बरा. तारीख नसलेले मेसेज माणूस घरी आला तरी वर्षानुवर्षं फिरत राहतात. आणि अफवेचा हिशेब या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले; सगळे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेसाठी गेलेले. संशय आला तर पोलिसांना ११२ वर फोन. लहान मूल एकटं दिसलं तर १०९८. घोळका जमवायचा नाही.

(दृश्य: सिव्हिल हॉस्पिटलचा व्हरांडा.)

एक नोंद हरवल्याची असते, तशी दुसरी सापडल्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाचीही पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद करायची आणि त्याचं घर शोधायचं. म्हणजे एकच माणूस दोन वह्यांत असू शकतो : एका गावात नावासकट, दुसऱ्या गावात 'अनोळखी' म्हणून. सिव्हिलमध्ये गप्प पडलेल्या बाईशी कानडीत बोलून बघणारी एखादी आया या दोन वह्या जोडून देते.

सापडलेला प्रत्येक जण घरी जाईलच असं नाही, हेही सांगायला हवं. सज्ञान बाई मारहाणीला कंटाळून गेली असेल, तर पोलीस तिला भेटतात, जबाब घेतात, आणि घरच्यांना कळवतात : सुखरूप आहे. पत्ता द्यायचा की नाही, ते तिच्या इच्छेवर. घरचे चिडतात. चिडू देत.

(दृश्य: विजापूर रोडवरची एक सोसायटी. बंद दार, कडीला अडकवलेली दुधाची पिशवी.)

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. केंद्राच्या आदर्श नियमांत असं आहे, की ठाण्यानं हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी कुणी त्यांच्या घरी जाऊन यावं. हद्द मोठी, माणसं कमी; महिना कधी उलटतो कळत नाही. म्हणून दूधवाला आधी.

सकाळचे साडेनऊ. काल सकाळची पिशवी तशीच. तो बेल वाजवतो, पुन्हा वाजवतो, मग समोरच्या फ्लॅटचं दार. समोरचे काका ११२ लावतात. वीस मिनिटांत दोन पोलीस जिना चढतात. एक जण दारावर थाप मारतो.

आतून आधी काठीचा आवाज, मग कडीचा.

"काय झालं हो?"

"काही नाही मावशी. दूध बाहेरच होतं, म्हणून."

"ताप होता कालपासून. बसा, चहा टाकते. पण दूध नासलं असेल बघा ते."