आधी लिटर मोजा, मग गाडी बघा

[दृश्य : ठाणे, माजिवडा. सकाळची वेळ. रस्त्याकडेला उभ्या छोट्या मालवाहू गाड्या.]

कुणी घरी येऊन सोफा धुतं, कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुतं, कुणी गच्चीवरच्या टाक्या साफ करतं. ठाणे आणि नवी मुंबईत या धंद्यात उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मारुतीची इको व्हॅन घेऊ, की टाटा एस टेम्पो? शोरूममध्ये उत्तर लगेच मिळतं. त्या महिन्यात ज्या गाडीवर स्कीम असते, तीच तुमच्या कामाला योग्य निघते.

आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करू. गाडीतून रोज किती लिटर पाणी न्यायचं आहे?

सोफा आणि कार्पेटच्या कामात याचं उत्तर जवळपास शून्य आहे. पाणी ग्राहकाच्या बाथरूममधून घेतलं जातं आणि मशीनने ओढलेलं मळकं पाणी तिथेच संडासात ओतलं जातं. सोसायटीच्या पावसाळी गटारात ते कधीच ओतू नये. टाकी सफाईतही पाणी जागेवरच असतं. गाडीत जातो तो गाळ उपसायचा पंप, जेट मशीन, ओला-सुका व्हॅक्यूम, हवा खेळवायचा ब्लोअर आणि शिडी. ही शिडी बऱ्याच जणांना गाडी घेतल्यावर आठवते. इको संपूर्ण मिळूनच ३.६७५ मीटर लांब आहे; दहा फुटी सरळ शिडी पुढच्या सीटमध्ये घुसवल्याशिवाय आत मावत नाही. एकतर घडीची शिडी घ्या, नाहीतर टपावर कॅरिअर.

गाड्या धुण्याचं काम मात्र वेगळं. पिण्याचं पाणी गाड्यांवर उडवलेलं बऱ्याच सोसायट्यांना चालत नाही, आणि उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की नळाला हातही लावू देत नाहीत. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग ठेवतं, आणि ग्राहकाच्या नजरेत तेच पहिलं भरतं. म्हणजे पाणी आपलं, आणि तेही बरं पाणी. गाडीची निवड खरी अवघड होते ती इथे.

[दृश्य : वजनकाट्यावर चढणारा छोटा टेम्पो. आकडा स्थिरावेपर्यंत कॅमेरा काट्याच्या पडद्यावर.]

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे शाळेत शिकलेलं असतं, तरी टाकी बसवताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

मिनिटाला आठ लिटर पाणी टाकणारं प्रेशर वॉशर घ्या. एका गाडीमागे गनचा खटका प्रत्यक्ष दाबलेला वेळ साधारण चार-साडेचार मिनिटं धरली, तर पस्तीसेक लिटर लागतात. आठ गाड्यांना २८० लिटर. थोडं हाताशी हवं, म्हणून ३०० लिटर, म्हणजेच ३०० किलो.

आता बाकीचं मोजू. रिकामी टाकी १२ किलो. ती बसवायची लोखंडी फ्रेम : ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला २.६ किलो भरतो, दहा मीटर लागला तर २६ किलो. वॉशर ३५, व्हॅक्यूम १५, रबरी पाइप आणि त्याचं रीळ १५, पाच लिटरचे पाच कॅन २५, छोटा जनरेटर ४५. चालक आणि मदतनीस मिळून १४०. बेरीज ६१३ किलो.

हा आकडा मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या टेम्पोवर ठेवून बघा. पेट्रोल गाडीची वहनक्षमता ७४० किलो, सीएनजीची ६२५. गाडी तीच, पण गॅसच्या टाकीचं वजन ११५ किलो क्षमता खाऊन जातं. पेट्रोलमध्ये १२७ किलो शिल्लक राहतात, सीएनजीत अवघे १२. त्यावर पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली, तर तिचंच वजन शंभर किलोच्या पुढे सहज जातं. म्हणजे सीएनजी गाडी पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड चालणार. क्लच लवकर जाणार, टायर आतून झिजणार, आणि घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी हवी तिथे थांबणार नाही.

ब्रोशरमधल्या 'पेलोड'मध्ये आपण बसतो ते वजनही धरायचं, हे विसरू नका. हिशेब सरळ आहे : आरसीवरच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल त्यात माणसं, पाणी, बॉडी, सगळं आलं. फ्रेम बसवून टाकी भरली की एकदा वजनकाट्यावर जा. तुर्भे-तळोजा पट्ट्यात काटे भरपूर आहेत. जास्त भरलं तर पाणी कमी करा. गाडीत दुसरं काही कमी करण्यासारखं सहसा नसतं.

[दृश्य : जवळून. अर्धी भरलेली पारदर्शक टाकी, ब्रेक लागतो, पाणी पुढच्या भिंतीवर चढतं.]

भरलेली टाकी त्रास देत नाही. रिकामीही देत नाही. वैताग असतो अर्ध्या टाकीचा. वळणावर पाणी एका बाजूला धावतं, आपण स्टिअरिंग सरळ केल्यावर ते उलट येऊन आपटतं. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी थांबलेली असते, पण आतलं पाणी अजून पुढे निघालेलं असतं, आणि त्या धक्क्याने गाडी वीतभर पुढे सरकते. पुढे रिक्षा उभी असेल तर पुढचं सांगायला नको.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, टाकीत आडव्या भिंती असलेली, खास वाहतुकीसाठीची टाकी घेणे. ती महाग पडते. दुसरा उपाय स्वस्तातला आणि आमच्या मते जास्त चांगला : ३०० लिटरच्या एका टाकीऐवजी १०० लिटरच्या तीन, प्रत्येकीला वेगळा बॉल व्हॉल्व्ह. एक पूर्ण संपवायची, मगच दुसरी उघडायची. कुठल्याही वेळी फार तर एकच टाकी अर्धी असते.

टाकी उभी, उंच, गोल नको. माळ्यावर ठेवतात तशी बुटकी आणि आडवी घ्या. जागा मागच्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे. पाणी आसाच्या मागे गेलं की गाडीचं नाक हलकं होतं, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं आणि पावसात पुढची चाकं पकड सोडतात. मात्र टाकीतून पाणी बाहेर पडायचं तोंड वॉशरच्या पंपापेक्षा वर हवं. पंपाला पाणी खालून ओढावं लागलं की पाण्याबरोबर हवा येते, पंप खडखडतो, दाब वर-खाली होतो आणि सील जातात. टाकी ते पंप हा पाइप पाऊण इंची ठेवा, मधे गाळणी बसवा. अर्धा इंची बागेचा पाइप लावून 'मशीनला दम नाही' म्हणणारे खूप भेटतात.

[दृश्य : सीवूड्स. निवासी संकुलाच्या तळघराचा उतार. वर उंचीची पट्टी : २.१ मीटर.]

आता उंची. पाम बीच रोडच्या कडेची संकुलं असोत की घोडबंदर रोडचे टॉवर, गाड्या उभ्या असतात तळघरात नाहीतर पोडियमवर. तिथे पोचता आलं नाही तर गाडी धुणाऱ्याला काम नाही. इको १.८२५ मीटर उंच आहे, ती बिनधास्त आत जाते. टाटा विंगरची मालवाहू गाडी आत माणूस जवळपास उभा राहील एवढी प्रशस्त, सामान लावायला सुरेख, पण अडीच मीटरच्या आसपास उंच. ती गेटवरच थांबते.

टेम्पोच्या मागे बंद पेटी बांधणार असाल तर पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाटी प्रवेशाची उंची सांगते. आत स्प्रिंकलरचे पाइप आणि हवेचे डक्ट त्याहून खाली उतरलेले असू शकतात. टेप घेऊन जा, उताराच्या पायथ्याशीही मोजा. उतार जिथे सपाट होतो तिथे गाडीचं पुढचं टोक खाली आणि मागचं वर असतं, आणि नेमकी मागची कड घासते.

यात एक मेख आहे. गाडी आत जाताना टाकी भरलेली असते, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबलेले असतात. आठ गाड्या धुवून बाहेर पडताना २८० किलो उतरलेले असतात आणि पाटे मोकळे होऊन मागची बाजू तीन-चार बोटं वर आलेली असते. आत जाताना सुटलेला पाइप बाहेर येताना अडतो. स्प्रिंकलरचा पाइप फुटला की सोसायटीचं बिल येतं, आणि त्यानंतर त्या सोसायटीत काम मिळत नाही. म्हणून उंची नेहमी रिकाम्या गाडीची मोजा.

तळघराबद्दल अजून एक गोष्ट. पेट्रोलवर चालणारा वॉशर किंवा जनरेटर तिथे लावायचा नाही, पाच मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तळघरात विजेचाच वॉशर, सोसायटीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. दोन किलोवॅटचा वॉशर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची हवी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं हवं. गुंडाळलेलं रीळ तापून आतलं प्लास्टिक वितळतं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारं स्विच, लावा. ओल्या फरशीवर काम आहे, इथे चिंगूसपणा नको.

[दृश्य : ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरचा फलाट. पाठीवर पिशव्या घेतलेली दोन मुलं.]

माणसं किती आणि बसणार कुठे? इको कार्गोत दोन सीट, छोट्या टेम्पोतही दोनच. सफाईला मात्र तिघं-चौघं लागतात. मागे सामानात बसवून नेणं हे रोज दिसतं; ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर मागे बसलेल्याला विमा मिळवताना नाकीनऊ येतात. बंद पेटीत केमिकलच्या कॅनसोबत बसणं तर वेगळीच शिक्षा. उरलेल्यांनी लोकल, टीएमटी, एनएमएमटी किंवा दुचाकीने यावं. त्यांचं भाडं कोटेशनमध्ये धरा.

पाच सीटची खासगी इको घ्यायची आणि मागची सीट काढून टाकी बसवायची, ही पळवाट लोकप्रिय आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दावा नाकारायला नेमकं हेच हवं असतं.

इंधनावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरणार असाल तर सीएनजी परवडतो. वजनाची झळ वर पाहिलीच. ताकदही घटते : इको पेट्रोलवर सुमारे ८१ पीएस देते, सीएनजीवर सुमारे ७२. जुनी सीएनजी गाडी घेताना टाकीच्या हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख बघा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते. विजेवरची गाडी या कामाला छान बसते, कारण अंतरं छोटी आणि थांबे लांब. रात्री ती चार्जिंगला लावायची कुठे, याचं उत्तर असेल तरच शोरूमला जा.

[दृश्य : पाऊस. ताडपत्री घातलेला टेम्पो, कडेने ठिबकणारं पाणी.]

उघडा टेम्पो आणि ताडपत्री जूनपर्यंत ठीक. नंतर व्हॅक्यूमच्या मोटरीत पाणी जातं. सोफ्याच्या कामाला बंद व्हॅनच हवी, पण बंद व्हॅनमध्ये ओले मॉप आणि पाइप रात्रभर ठेवले की दोन दिवसांत बुरशीचा वास पकडतो आणि तोच ग्राहकाच्या हॉलमध्ये जातो. संध्याकाळी मशीनची टाकी उघडी करून पालथी घाला. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या बसवा.

ब्लीच आणि टाइल्सचं अ‍ॅसिड एका खोक्यात ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत चालकाला उतरायलाही वेळ मिळत नाही. सामान आणि सीट यांच्या मध्ये पत्र्याची भिंत असलेली बरी. ब्लीचच्या वाफेने आसपासचं लोखंडही गंजतं, म्हणून कॅन प्लास्टिकच्या झाकणबंद पेटीत.

गंजाचा विषय निघाला तर जुन्या गाडीचं बघू. सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकाच्या वरचा पत्रा आणि मॅटखालची जमीन या तीन जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तर वर नुसती पुट्टी आहे. मासळी वाहिलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, खारं पाणी चेसिसच्या सांध्यात बसलेलं असतं. पाटे रिकाम्या गाडीतच सपाट दिसले तर ती आयुष्यभर ओव्हरलोड चाललेली आहे.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं परिवहनच्या पोर्टलवर दिसतात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण पिवळी पाटी, फिटनेस आणि व्यावसायिक विमा लागतोच. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. चालकाकडे साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तरी चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा शेरा नको, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्याच्या पॉलिसीत गाडीतल्या मशिनरीचा समावेश आपोआप होत नाही. वॉशर, व्हॅक्यूम आणि जनरेटरची बिलं जपून ठेवा आणि त्यांचा विमा वेगळा मागून घ्या.