शिट्टी मास्तरांच्या खिशातच राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. 'स्काउट-गाईड शिबिर. एक रात्र मुक्काम. पालकांची सही आवश्यक.' महाबळेश्वरच्या सहलीच्या कागदावर उभ्या उभ्या सही करणारा बाप या चिठ्ठीपाशी मात्र अडतो. थंडी वाजेल, विंचूकाटा निघेल, खायचे हाल होतील. शाळेत शिकवता शिकवता मी बरीच वर्षं स्काउट मास्तर म्हणून पथक सांभाळलं, त्यामुळे ही यादी मला पाठ आहे. शंका रास्तच आहेत. पण खरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. शिबिरात स्वयंपाक कोण करणार?

'आचारी ठरवलाय' असं उत्तर आलं, तर ती सहल समजा. जाऊ द्या, मजा करतील. 'पोरंच करणार' असं आलं, तर मात्र बिनघोर सही करा.

यामागचं कारण थोडं जुनं आहे. बेडन पॉवेल हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलं तंबूत राहायला नेली. काही बड्या घरची, काही कामकरी घरांतली. त्यांचे चार गट पाडले, गटांना लांडगा, बैल अशी प्राण्या-पक्ष्यांची नावं दिली आणि प्रत्येक गटावर एक मुलगाच नायक नेमला. ती मुलं आठवडाभर त्या बेटावर राहिली. सगळं स्काउटिंग उभं आहे ते या एका युक्तीवर. आपण त्याला संघपद्धती म्हणतो. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि सगळ्या संघनायकांची मिळून मानसभा. हाइक कुठे न्यायची, तंबू कुणाचा कुठे लागायचा, कोण चुकलं, त्याला काय सांगायचं, हे मानसभा ठरवते. मास्तर तिथे असतो, पण सल्ला देण्यापुरता.

आपल्याकडे ही चळवळ १९०९ साली बंगळूरमध्ये आली खरी, पण तेव्हा तिच्यात प्रवेश होता तो युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. हिंदुस्थानी पोरांना दार बंद! 'सर्वांचा मित्र' असा नियम सांगणाऱ्या चळवळीची ही तऱ्हा. मग मद्रासकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, तर अलाहाबादकडे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर अशा संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षी गाईडच्या मुलीही तिच्यात आल्या. म्हणून ७ नोव्हेंबरला शाळाशाळांतून मुलं ध्वजाचे स्टिकर घेऊन तुमच्या दारी येतात. पुढच्या वेळी नुसते पैसे देऊन दार लावू नका, त्याला एखादी गाठ मारून दाखवायला सांगा.

गाठीवरून आठवलं. स्काउटला अगदी सुरुवातीला ज्या गाठी शिकवतात त्यांत शीट बेंड असते. एक दोर जाड आणि एक बारीक असेल तर जोडायला ही गाठ. वर्गात फळ्यावर काढली की मुलं गोंधळतात. पण आपल्या सोलापुरातल्या पूर्वभागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, घरी माग असलेला एखादा पोरगा असतोच, तो बाकावरून उठून म्हणतो, "सर, ही तर आमच्यात रोज मारतेत." खरंच आहे. मागावरचा तुटलेला धागा सांधताना विणकर जी गाठ मारतो ती हीच. बांधायची रीत वेगळी, बोटांची चलाखी तर फारच वेगळी, पण गाठ तीच. मग तो पोरगा फळ्यापाशी येतो आणि बाकीचे त्याच्याकडून शिकतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका बाकावर बसणाऱ्या आपल्या गावात संघ बांधायला आणखी काय लागतं?

आता बाहेर पडू. सोलापूरच्या मुलांनी शिबिराला जायचं कुठे? इथे घनदाट जंगल नाही, डोंगर नाही, अशी तक्रार मी शिक्षकांकडूनच ऐकतो. आपल्याकडे माळ आहे, आणि माळासारखी शाळा नाही. माळावर सावली नसते, म्हणून पाणी मोजून प्यावं लागतं. खुणेला उंच झाड नसतं, म्हणून दिशा सूर्यावरून काढावी लागते. रात्री सप्तर्षींच्या टोकाचे दोन तारे धरून ध्रुव शोधावा लागतो. गावाचे दिवे मागे पडले की असं आकाश दिसतं, की शहरातली पोरं पहिल्या रात्री झोपतच नाहीत. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव थंडीत पाहुण्या पक्ष्यांनी भरतो. नान्नजचा माळ तर माळढोकासाठी राखलेला. तिथे तंबू ठोकायचे नसतात. वनखात्याची परवानगी घेऊन, सांगितलेल्या वाटेनं, गप्प राहून बघून यायचं. माळढोक आता दिसणं जवळजवळ नशिबातच नाही, पण काळवीट दिसतात, चंडोल गातो, आणि मोज्यांत घुसलेलं कुसळ काढत बसलेल्या मुलाला कळतं की ज्याला आपण पडीक म्हणतो ती जमीन रिकामी नाही.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबरातली आपली पहाट एक चादर आणि एक स्वेटर यांत भागण्यासारखी असते, आणि चादरीची तर या गावात ददात नाही. विंचूकाट्यासाठी तंबूची जागा झाडून घ्यायची, दगड उलथायचे नाहीत, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता तडक दवाखाना. हे संघातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं, आणि वाहन शिबिराच्या जागेवरच उभं हवं. हे सारं मास्तरांना विचारून घ्या. त्यात भीड नको.

आणि जेवण. स्काउटमध्ये 'बिनभांड्याचा स्वयंपाक' नावाचा प्रकार आहे. परगावचे मास्तर तो पुस्तकात बघून शिकवतात. आपल्याला काय अवघड? हुरड्याची आगटी म्हणजे दुसरं काय असतं? निखाऱ्यात कणसं, राखेत बटाटे, वांगं भाजून त्याचं भरीत. वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्हींना फ्रीज लागत नाही, दोन्ही पिशवीत विटत नाहीत. पहिल्या दिवशी एका संघाचा भात करपतो, दुसऱ्या संघाचा कच्चा राहतो, आणि "का बे, मीठ कुणी टाकलं नाही?" यावरून भांडण होतं. मास्तरच्या हातात शिट्टी असते. ती वाजवायचा मोह फार होतो. वाजवू नये. अर्ध्या तासात दोन्ही संघ मिळून एक पातेलं नीट करतात.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. 'खरी कमाई' हा स्काउट-गाईडचा सुंदर उपक्रम. मुलांनी स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे. सायकल पुसा, बागेला पाणी घाला, वह्यांना कव्हर घाला. हल्ली त्याचा झालाय खाऊचा बाजार. आदल्या रात्री आई पहाटेपर्यंत भेळेची तयारी करते, सकाळी मुलगा इस्त्रीचा गणवेश घालून स्टॉलमागे उभा राहतो, फोटो निघतो. कमाई आईची, आणि ती बिचारी फोटोतही नाही! काटकसर हा नऊ नियमांतला एक नियम आहे. तो असा शिकवून येत नाही. गणवेश, स्कार्फ, संचलन यांची टापटीप मलाही आवडते. पण वर्षभर फक्त संचलन करणाऱ्या पथकाला मी कवायतीचा तास म्हणेन.

मुलींच्या आयांशी दोन शब्द. मुलाच्या चिठ्ठीवर सही होते, मुलीच्या चिठ्ठीवर 'तिला बरं नाही' असं उत्तर येतं. गाईडच्या शिबिरात जबाबदार बाई असतात, त्यांना गाईड कॅप्टन म्हणतात, आणि मुलींची राहायची सोय वेगळी असते. जागा आधी जाऊन बघा, न्हाणीघर बघा, रात्री पहाऱ्याला कोण ते विचारा. समाधान झालं नाही तर तसं तोंडावर सांगा. बाई सोय सुधारतील. पण मुलगी म्हणून नको म्हणू नका. आषाढीला पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीला हात धरून पोलीस चौकीपर्यंत नेणं, फोड आलेला पाय धुऊन पट्टी बांधणं, हे मुलीही तितक्याच नेटानं करतात. त्यासाठी आधी घराबाहेर एक रात्र काढलेली असली की बरं पडतं.

शेवटी एक सांगतो. शिबिराची पिशवी तुम्ही भरू नका, पोराला भरू द्या. यादी वाचून दाखवा आणि बाजूला बसा. टॉर्च राहिली तर राहिली, संघातल्या कुणाकडे तरी असेलच.

नमस्कार.