निघून का जात नाहीत?

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. भयपटांवर बोलायला रविवारी सकाळी साडेदहाची वेळ ठरवणाऱ्या संयोजकांना माझा दंडवत. या वेळेला ठाण्यात मिसळीच्या दुकानाबाहेरची रांग सोडली तर अंगावर येण्यासारखं काही नसतं.

विषय पत्रिकेत वाचला असेलच: भयपटातली माणसं निघून का जात नाहीत? तो मला सुचला आमच्या भांडणांतून. आम्ही कॉलेजपासूनचे काही मित्रमैत्रिणी शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमतो, एक भयपट लावतो आणि तो संपला की वाद घालतो. वाद ठरलेला असतो: हा सिनेमा कुठल्या खणात टाकायचा? स्लॅशर, झपाटलेलं घर, फाउंड फुटेज, झाँबी की आणखी काही? आमच्यातला एक जण ध्वनिमुद्रणात काम करतो. त्याच्या मते हे खण म्हणजे रिकामपणाचे उद्योग आहेत. आवाज बंद करा, एकही भयपट शिल्लक राहत नाही, असं तो म्हणतो. १९४२ सालचा ‘कॅट पीपल’ हा त्याचा आवडता दाखला. एक बाई रात्री एकटी रस्त्यानं चालली आहे आणि तिच्या मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो आहे. तो अचानक थांबतो. नुसती शांतता. आपण श्वास धरून बसतो आणि फिस्स करत कडेनं बस येऊन थांबते. आवाज बसचाच, पण क्षणभर ते जनावराचं फिस्कारणं वाटतं. आज दर दहा मिनिटांनी जे दचकवणं चालतं, त्याचे धडे या बसनं दिले.

कबूल. पण दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. दचकायला शेजारच्या पोरानं फुगा फोडला तरी पुरतं. सिनेमा संपल्यावर तासाभरानं पाणी प्यायला उठताना आपण पॅसेजमधला दिवा लावतो, ती भीती आवाजातून येत नाही.

ती कुठून येते, हे बघायला मी एकच प्रश्न विचारतो, प्रत्येक सिनेमाला. आपल्या घरातही तो विचारला जातोच, बहुतेक वेळा आई विचारते: “अरे, एवढं होतंय तर ही माणसं निघून का जात नाहीत तिथून?” आपण हसतो. पण सगळं मर्म त्यात आहे. या प्रश्नाचं उत्तर बदललं की उपप्रकार बदलतो.

झपाटलेल्या घरापासून सुरुवात करू. रामसे बंधूंच्या हवेल्यांमध्ये उत्तर सोपं होतं: बाहेर पाऊस आहे आणि गाडी बंद पडली आहे. त्याचीही एक मजा होती. ‘पुराना मंदिर’मधला सामरी पडद्यावर आला की आमच्या पिढीची पोरं खुर्चीखाली जात, आणि तो साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं इंजिनिअर होते, हे मोठेपणी कळल्यावर फार बरं वाटलं. पण २००३ साली राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’नं हवेली टाकून दिली आणि भूत मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे नवऱ्याला आधीच्या भाडेकरूच्या मृत्यूबद्दल आधीच सांगितलेलं असतं. तो फ्लॅट घेतो आणि बायकोपासून ते लपवतो. पुढे २००९ साली आलेल्या ‘१३ बी’मध्ये अख्खं एकत्र कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतं. घरात रोज दूध नासतं आणि लिफ्ट नेमकी घरातल्या एकाच माणसासाठी चालत नाही. नासलेलं दूध! गळ्यात कवट्यांची माळ घातलेला राक्षस परवडला. आणि ही माणसं निघून का जात नाहीत, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. वीस वर्षांचं गृहकर्ज डोक्यावर असताना भुताला घाबरून घर कोण सोडतो? उलट आपणच त्याच्याकडे मेंटेनन्स मागू.

स्लॅशरमध्ये भूत नसतं, चाकू घेतलेला माणूस असतो. जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ बघा. खुन्याचा मुखवटा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्यातला एक छोटा प्रसंग जास्त छळतो. नायिका जीव घेऊन पळते आणि शेजारच्या घराचं दार बडवते. आत दिवा लागतो. कुणीतरी पडदा सारून बघतं. आणि दिवा बंद होतो. म्हणजे ‘निघून का जात नाही’ याचं उत्तर असं, की निघून जायला तिला कुणी दार उघडत नाही. माझं असं मत आहे की चाळीत स्लॅशर घडूच शकत नाही. खुनी पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत चार जण विचारतील, “कुणाकडे जायचंय?” आणि कुणाची तरी आजी त्याला चपला बाहेर काढायला लावेल. पण आपल्या टॉवरमध्ये? एका मजल्यावर आठ बंद दारं, प्रत्येक दाराला बघायचं भोक, आणि आतून मोठ्यानं लावलेला टीव्ही. तिथे घडू शकतो.

फाउंड फुटेजवर, म्हणजे पात्रांनीच कॅमेऱ्यात टिपलंय असं भासवणाऱ्या सिनेमांवर, फार वेळ घालवत नाही, कारण तिथे प्रश्नच बदलतो: ही माणसं कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? १९९९च्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये नटांनीच चित्रीकरण केलं, जंगल खरं होतं, आणि वैतागही बराचसा खरा वाटतो. त्यानंतर आलेल्या बहुतेक नकला बघताना मला फक्त मळमळतं.

झपाटण्याचे, अंगात येण्याचे सिनेमे मात्र मला अवघड वाटतात. इथे निघून जाण्यात अर्थच नसतो, कारण घर सोडता येतं, शरीर नाही. १९७३च्या ‘एक्झॉर्सिस्ट’ची डोकं फिरवणारी मुलगी सगळ्यांना आठवते. पण तो परत बघा. भटजी, म्हणजे पाद्री, यायच्या आधी ती आई मुलीला घेऊन डॉक्टरांच्या दारात किती फिरते! एका तपासणीत मुलीच्या मानेत सुई जाते, रक्त उडतं, यंत्रं धाडधाड वाजत राहतात. सैतान बोलतो त्या प्रसंगांपेक्षा मला हा जास्त बघवत नाही.

आणि आपल्याकडे हा प्रकार बघताना मी एकदम मोकळा होऊ शकत नाही. पडद्यावर केस मोकळे सोडून घुमणारी बाई दिसली की प्रेक्षक शिट्ट्या मारतात. पण प्रत्यक्षात अशा बाईच्या वाट्याला काय यायचं? महाराष्ट्रात डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात काय लिहिलंय ते वाचा: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं. कायदा करणाऱ्यांनी या गोष्टी कल्पनेनं लिहिलेल्या नाहीत. माझ्या मते या उपप्रकारातल्या कुठल्याही भारतीय दिग्दर्शकानं पटकथेआधी ती अनुसूची वाचावी.

झाँबीपटाचं उत्तर एका वाक्यात संपतं: जायला जागाच उरलेली नाही. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये बाहेर मुडदे फिरतायत आणि आत अडकलेली माणसं तळघरात लपायचं की वर थांबायचं यावरून भांडतायत. सोसायटीची वार्षिक सभा बघितलेल्या माणसाला त्यात नवं काही नाही. आपल्याकडे २०२२ साली आदित्य सरपोतदारांनी ‘झोंबिवली’त ही गर्दी थेट डोंबिवलीत आणली, एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. जागा अचूक निवडली. ‘ट्रेन टू बुसान’मध्ये झाँबी आगगाडीत शिरतात, पण डब्यातून बाहेर पडता न येण्याबद्दल ठाणेकरांना कोरियन दिग्दर्शकानं काही शिकवायला नको.

आता आपल्या भुतांकडे येऊ. कोकणातल्या आजीच्या भुतांना हद्द असते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाटेवर. पिंपळाखालून तिन्हीसांजेला गेला नाहीत, तर मुंजाचा तुमच्याशी काही संबंध नाही. म्हणजे निघून जाणं शक्य असतं, नियम पाळला की झालं. म्हणून २०२४च्या ‘मुंज्या’त तो झाड सोडून पोराच्या मागे पुण्याला येतो, तेव्हा जुन्या माणसांना खरी धास्ती वाटते. त्यानं हद्द मोडलेली असते. ‘लपाछपी’मध्ये विशाल फुरियांनी चकवा उसाच्या फडात नेला. गरोदर बाई उसात धावते आहे, चारी बाजूंना सारखाच हिरवा उभा पाला, आणि कुठूनही धावली तरी घर पुन्हा समोर. देणेकऱ्यांपासून लपायला ते जोडपं तिथे आलेलं असतं, त्यामुळे शहराकडची वाटही बंद. मराठीत अशी बांधणी क्वचित दिसते.

आणि ‘तुंबाड’. आमच्यात सर्वात जास्त रात्री यानं खाल्ल्या. एक म्हणतो लोककथेचा भयपट, दुसरा म्हणतो राक्षसपट. बँकेत काम करणारी मैत्रीण म्हणते, “काय भयपट घेऊन बसलात, ही सरळ तिजोरी फोडायची गोष्ट आहे.” तिचं पुष्कळ बरोबर आहे. दोरानं खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, हस्तर नावाच्या राक्षसापुढे पिठाची बाहुली टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. दर वेळी हाताला लागतील तेवढ्याच. हे काम आहे, पाळी लावून करायचं, घाम काढणारं. नायक विनायक ते पुढे आपल्या मुलाला शिकवतोसुद्धा, एखादा धंदा शिकवावा तसं.

पण माझा प्रश्न इथे उलटा होतो. विनायक निघून गेलेला असतो हो! लहानपणीच आई त्याला तुंबाड गावातून पुण्याला नेते, परत यायचं नाही असं वचन घेते. घर त्याला कोंडत नाही, गाडी बंद पडत नाही, कर्ज नाही. तो स्वतःच्या पायानं परत येतो, पुन्हा पुन्हा, त्या पावसात. सिनेमा २०१८ साली आला तेव्हा लोक थोडेच गेले. २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला, म्हणजे प्रेक्षकही परत आले. कुठलाही खण याला पुरत नाही, कारण बाकी सगळे खण माणूस अडकतो कसा हे सांगतात, आणि इथे अडकवणारं कुणीच नाही. मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग तू माझंच म्हणणं सांगतोयस की.” तो वाद अजून मिटलेला नाही.

बरं, प्रश्न घेऊ. डोंबिवलीहून आलेले दोघे मघापासून हात वर करून बसलेत, माइक आधी त्यांना द्या.